डेंग्यूनंतरचा थकवा आकड्यांत कसा मांडायचा?

लोलक (सांगली)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, वय ४१. सप्टेंबरअखेर डेंग्यू झाला. एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट ३८ हजारांपर्यंत उतरल्या, ॲडमिट व्हावं लागलं. मग ताप गेला, दिवाळीच्या आधी प्लेटलेट दोन लाखांच्या वर आल्या. कागदोपत्री आजार तिथे संपला. आता जानेवारी उजाडलाय आणि मला अजून फळ्यासमोर सलग दोन तासिका झेपत नाहीत.

नेमकं काय होतं ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक वेळा "अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू" इथेच बोलणं थांबतं. सोमवारी दोन तासिका आणि एक प्रॅक्टिकलची बॅच घेतली तर त्या दिवशी मी बरी असते. मंगळवारही निभतो. बुधवारी सकाळी पोळ्या लाटताना हात खांद्यापासून जड होतात. साधी बेरीज करायला वेळ लागतो, बोलताना शब्द आठवत नाहीत, घसा दुखतो, आणि रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. हे शुक्रवारपर्यंत चालतं. शनिवारी जरा माणसात येते, की पुन्हा सोमवार.

घरचे खूप जपतात. सासूबाईंनी डिंकाचे लाडू करून ठेवलेत, रोज खारीक-बदाम भिजवतात, मला कणीक मळू देत नाहीत. रक्ताचे रिपोर्ट असे: हिमोग्लोबिन १२.६, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन व्यवस्थित. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली. मनगटावरचं घड्याळ झोपेला शंभरात ऐंशीच्या वर गुण देतं.

फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा आहेत. तोवर तासिका थोड्या कमी करून द्या अशी कॉलेजच्या ऑफिसला विनंती केली, तर उत्तर मिळालं, "मॅडम, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत ना?" त्यात त्यांचा वाईट हेतू नाही, त्यांनाही फाइलला काही लावावं लागतं. पण त्या कागदावर लिहायचं काय?

आणि कागद बाजूला ठेवला तरी मला स्वतःला हे कळायला हवं आहे. ताप मोजायला थर्मामीटर आहे. थकव्याला उपकरण कोणतं? एकक कोणतं? दोन वाचनांत फरक किती पडला तर तो खरा धरायचा आणि किती पडला तर मापनातली चूक म्हणून सोडायचा? मी बरी होतेय की घसरतेय, हे "आज कसं वाटतंय" यावरून ठरवायचा मला कंटाळा आलाय. कुणी हे पद्धतशीर केलं असेल तर कृपया सांगा. "पॉझिटिव्ह विचार करा" हे मात्र नको.

फिजिओ_कराड

ताई, तुम्ही सोमवार ते शुक्रवार जे लिहिलंय तीच सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. श्रम सोमवारी आणि कोसळणं बुधवारी, हा उशीर लक्षात घ्या. नुसता अशक्तपणा असेल तर माणूस त्याच दिवशी गळतो आणि रात्रीच्या झोपेने बराच सावरतो. विषाणूच्या आजारानंतर काही जणांना श्रमानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी त्रास उफाळून येतो आणि तो दिवसेंदिवस टिकतो. इंग्रजीतल्या नावावरून आम्ही त्याला पीईएम म्हणतो. म्हणून एका बैठकीत केलेली कुठलीही तपासणी तुमच्या बाबतीत नॉर्मल यायची शक्यता जास्त. सोमवारी तुम्हाला कुणीही तपासलं तरी तुम्ही धडधाकटच दिसाल.

थकवा थेट मोजणारं उपकरण नाही. मोजता येतं ते असं: ठरावीक काम करताना ताकद किती लवकर उतरते, आणि उतरलेली ताकद परत यायला किती वेळ लागतो. त्यासाठी एकच चाचणी त्याच परिस्थितीत पुन्हा करायची आणि दुसरं वाचन पहिल्याशेजारी ठेवायचं. माझ्याकडे विषाणूजन्य तापानंतर येणाऱ्यांना मी जवळजवळ नेहमी हाताच्या पकडीपासून सुरुवात करून देते, कारण त्यात अंगाला फार शिक्षा होत नाही. डायनामोमीटर नावाचं उपकरण असतं, मूठ आवळली की किलोत आकडा दाखवतं. एकदाच आवळून घेतलं तर फारसं कळत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक साधी रीत प्रसिद्ध केली: पूर्ण जोर लावून १० वेळा मूठ आवळायची, ६० मिनिटं विश्रांती, पुन्हा १० वेळा. पहिल्या फेरीत ताकद किती घसरली ते पाहायचं, आणि दुसऱ्या फेरीच्या सरासरीला पहिल्या फेरीच्या सरासरीने भागायचं. निरोगी माणसाचं गुणोत्तर १ च्या आसपास राहतं. अशा थकव्याच्या रुग्णांचं खाली येतं, म्हणजे तासाभराच्या विश्रांतीने हात पूर्ववत होत नाही. घरच्यांना किंवा ऑफिसला समजवायला हा आकडा फार उपयोगी पडतो.

मापनातल्या चुकीबद्दलचा तुमचा प्रश्न: पकडीत साधारण ५ ते ६ किलोंपेक्षा कमी फरक पडला तर मी त्यावरून निष्कर्ष काढत नाही. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत ३० मीटरच्या आतला फरक सोडून देते. ती चाचणी ३० मीटरच्या सपाट कॉरिडॉरमध्ये करतात, आधी आणि नंतर नाडी व ऑक्सिजन बघतात. तिच्यात दुसऱ्या वेळी माणूस सरावाने थोडं जास्तच चालतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंतर घटलं तर ती घट गांभीर्याने घ्यावी. तुमच्या सध्याच्या अवस्थेत मात्र ती मी लगेच करायला लावणार नाही. जी चाचणी केल्यावर चार दिवस अंथरूण धरावं लागतं, तिचा आकडा कितीही सुबक आला तरी तो महाग पडला.

आणखी एक, फळ्यासमोर *उभं* राहणं हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलंत. बसून शिकवलं तर फरक पडतो का? पडत असेल तर उभं राहण्याची चाचणी करा. दहा मिनिटं शांत आडवं पडायचं, रक्तदाब आणि नाडी लिहायची. मग भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून दहा मिनिटं उभं राहायचं, न हलता, न बोलता, आणि दर मिनिटाला आकडे घ्यायचे. घरचं डिजिटल बीपी मशीन चालतं. शेजारी माणूस हवाच. भोवळ आली की लगेच थांबायचं, दहा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको. नाडी आडव्या स्थितीपेक्षा ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर डॉक्टर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा) विचार करतात. पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर प्रश्न वेगळा. दोन्हींवर उपाय आहेत, म्हणून हे मोजणं कागदापेक्षा तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे.

सातारचा_घाट

ताई, मी २०२१ च्या मे महिन्यात कोविडमधून उठलो. त्याआधी पळायचो, साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन केलेली आहे. त्यामुळे आजारापूर्वीची माझी नोंद माझ्याकडे होती: कोणता रस्ता, कोणता वेग, नाडी किती. तुमच्या घड्याळात सप्टेंबरच्या आधीची नोंद असेल तर ती आधी उतरवून ठेवा. ॲपमधला जुना तपशील कधीकधी नाहीसा होतो. तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, तुमच्याच जून-जुलैशी करायची आहे.

झोपेचा स्कोर, 'एनर्जी' असले कंपनीने बनवलेले गुण बाजूला ठेवा. ते कोणत्या सूत्राने काढतात हे आपल्याला कळत नाही. कच्चे आकडे घ्या. मी सकाळी उठण्याआधीची नाडी आणि हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा बदल, ज्याला एचआरव्ही म्हणतात, एवढंच लिहायचो. दिवस कोसळायच्या आधी सकाळची नाडी माझ्या नेहमीच्यापेक्षा वर जायची आणि एचआरव्ही खाली यायचा. दर वेळी असं होत नाही, पण इतक्यांदा झालं की मी त्यावर दिवस आखायला लागलो. एचआरव्ही एका दिवसाचा बघू नका, तो फार उड्या मारतो. आठवड्याची सरासरी बघा.

कॅलिफोर्नियात वर्कवेल नावाची संस्था अशा रुग्णांच्या श्रमचाचण्या वर्षानुवर्षं करते. त्यांचा एक ठोकताळा मला फार कामाला आला: आठवडाभराच्या विश्रांतीच्या नाडीची सरासरी काढा, त्यात १५ मिळवा, आणि सुरुवातीच्या काळात शक्यतो नाडी त्याच्या वर जाऊ देऊ नका. घड्याळात तेवढ्यावर गजर लावता येतो. माझा गजर आंघोळ करताना वाजायचा. जिना तर लांबच राहिला. ते बघूनच माझ्या वडिलांना पहिल्यांदा पटलं की हा पोरगा आळस करत नाही. त्यांनी बाथरूममध्ये प्लास्टिकचा स्टूल आणून ठेवला आणि त्यानंतर मला कधी "जरा फिरून ये" म्हणाले नाहीत.

मेडिसिन_ओपीडी

मी एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण मापनाआधी काही गोष्टी वगळायला हव्यात. फेरिटिन केलंय का? हिमोग्लोबिन १२.६ असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, विशेषतः पाळी जास्त जात असेल तर. डेंग्यूत यकृताला सूज येते, म्हणून लिव्हरच्या तपासण्या पुन्हा करा. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, खोकला आहे, असं काही असेल तर छातीचा एक्स-रे. आपल्याकडे टीबीचा विचार केल्याशिवाय लांबलेल्या थकव्याची फाइल बंद करू नये. घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा. नैराश्याबद्दल मी सगळ्यांनाच विचारतो, तुम्हालाही विचारीन, त्यात "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असा अर्थ नसतो. नैराश्यात सहसा करावंसंच वाटत नाही. तुमच्या लिहिण्यात करायची इच्छा ओसंडतेय आणि शरीर नंतर दंड वसूल करतंय.

आता दिलासा देणारे आकडे. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांना संसर्गाच्या पहिल्या दिवसांपासून वर्षभर बघितलं, तो अभ्यास २००६ मध्ये आला. तीन वेगवेगळे जंतू होते, त्यातला एक रॉस रिव्हर विषाणू डासांमुळेच पसरणारा आणि चिकुनगुनियाच्या कुळातला. लांबलेला थकवा सहा आठवड्यांनी सुमारे ३५ टक्क्यांना होता, तीन महिन्यांनी २७, सहा महिन्यांनी १२ आणि वर्षाने ९ टक्क्यांना. कोणाचा थकवा टिकेल हे मुख्यतः सुरुवातीचा आजार किती जोराचा होता यावर ठरलं. स्वभाव, आधीचा मानसिक त्रास यावरून ते सांगता आलं नाही. डेंग्यूबद्दल सिंगापूरचा २००७ चा अभ्यास आहे. तिथेही बरं झाल्यावर साधारण चौघांत एकाला लक्षणीय थकवा आढळला. म्हणजे तुम्ही जे सांगताय ते ओळखीचं आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असलेल्यांपैकी बरेच जण पुढे सुधारतात. अमेरिकेच्या २०१५ च्या निकषांप्रमाणे एमई/सीएफएस (दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा आजार) म्हणायलाही सहा महिने जावे लागतात. ते लेबल आज लावू नका, पण त्या दिशेने ढकलले जाऊ नये म्हणून आताच जपा. "रोज थोडं थोडं वाढवत न्या" हा ठरावीक व्यायामाचा सल्ला ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये अशा रुग्णांसाठी काढून टाकला आहे.

सर्वांत भक्कम पुरावा कोणता असं विचाराल तर लागोपाठ दोन दिवसांची सीपीईटी. तोंडावर मास्क लावून सायकल चालवायची, श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा, आणि २४ तासांनी तेच पुन्हा. निरोगी माणूस, अगदी व्यायामाची सवय नसलेलाही, दुसऱ्या दिवशी जवळपास तेच आकडे देतो. एमई/सीएफएसच्या रुग्णांत दम लागायला सुरुवात होण्याच्या टप्प्यावरचं काम आणि ऑक्सिजनचा वापर दुसऱ्या दिवशी घसरलेला दिसतो. अंगचोरी करून हे जमवता येत नाही, कारण जोर पूर्ण लावला की नाही हे श्वासातल्या वायूंच्या गुणोत्तरातच दिसतं. आणि २०२४ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या गटाने लाँग कोविडच्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे श्रमाच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा स्नायूंत प्रत्यक्ष इजा आणि ऊर्जा बनवण्यातला बिघाड दिसला. तरीही तुम्हाला मी दोन दिवसांची सीपीईटी सुचवणार नाही. ती करून माणूस आठवडे आजारी पडू शकतो, आणि तासिका कमी करून घेण्यासाठी तेवढी किंमत देणं योग्य नाही.

दाखल्यावर निदानाच्या नावापेक्षा कार्यक्षमता लिहून घ्या. मी लिहितो तो मजकूर साधारण असा: "डेंग्यूनंतरचा थकवा, सलग उभं राहण्याची मर्यादा इतकी मिनिटं, श्रमानंतर दोन दिवसांनी लक्षणं वाढतात, उभ्या स्थितीत नाडीतला बदल इतका, फटीग सिव्हिरिटी स्केलवर सरासरी इतकी, बसून अध्यापन आणि दोन तासिकांमध्ये विश्रांती आवश्यक, सहा आठवड्यांनी फेरतपासणी." ते स्केल म्हणजे नऊ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, सरासरी ४ किंवा वर गेली तर थकवा लक्षणीय धरतात. उत्तरं रुग्णाचीच असतात, पण वेदनाही आपण रुग्णाला विचारूनच मोजतो. तारखा आणि आकडे असलेला असा दाखला नाकारणं कुठल्याही संस्थेला कठीण जातं.

प्रयोगवही (पुणे)

मी मानसशास्त्र शिकवते. डोक्याच्या थकव्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. लोलक, तुमच्यासारख्यांचा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तुरीनला अँजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ बनवला: हात बांधून ठेवायचा, मधल्या बोटाने वजन उचलत राहायचं, आणि प्रत्येक उचलीची उंची फिरत्या पिंपावर आपोआप नोंदली जायची. त्यांनी सहकाऱ्याच्या बोटाचं मापन विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर केलं. परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट आधीपेक्षा लवकर थकत होतं! बारावीच्या व्हायवा घेताना तुमचा हात का गळतो याला शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा आलेख आहे. पुढे १९२१ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड मुशिओ यांनी थकव्याची चाचणी शक्यच नाही, तो नाद सोडावा, असं लिहिलं. कारण थकवा म्हणजे काय हे चाचणीशिवाय ठरत नाही आणि चाचणी बरोबर आहे का हे थकवा म्हणजे काय ते ठरल्याशिवाय कळत नाही. मला त्यांचा तर्क पटतो, निष्कर्ष पटत नाही. फिजिओताईंनी सांगितलेली दोन वाचनांची रीत त्या पेचातून वाट काढते. तिला थकव्याची व्याख्या लागत नाही, फक्त पहिलं वाचन आणि दुसरं वाचन लागतं.

डोक्यासाठी पीव्हीटी करा. पडद्यावर अनियमित अंतराने खूण येते, दिसली की दाबायचं. मूळची दहा मिनिटांची असते, छोटी तीन मिनिटांची. सरासरी वेळ बघू नका. दहा मिनिटांच्या चाचणीत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उशीर किती वेळा झाला ते मोजा. थकलेल्या मेंदूचा सगळा वेग सारखा कमी होत नाही, मध्येमध्ये तो क्षणभर गैरहजर होतो, आणि त्या गैरहजेरीच तुमची बेरीज अडवतात. एकच फोन, एकच वेळ, चहाच्या आधी. हीच चाचणी झोप कमी झाली तरी बिघडते, म्हणून शेजारी झोपेचे तास लिहा.

लोलक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

उभ्याची चाचणी काल संध्याकाळी केली, मिस्टर शेजारी वही घेऊन बसले होते. आडवी असताना नाडी ७२. उभं राहिल्यावर चौथ्या मिनिटाला १०४, आठव्याला १०९, रक्तदाब जवळजवळ तोच. पायाची बोटं जांभळट झाली होती, तेही त्यांनी लिहून ठेवलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, फेरिटिन आणि लिव्हरच्या तपासणीसाठी सकाळी रक्त दिलं. घड्याळातली जून ते ऑगस्टची नोंद उतरवून घेतली. तेव्हाची सकाळची नाडी ६१-६२ होती, आता ७० च्या आसपास आहे. हे आजवर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणीच बघितलं नव्हतं.

प्रयोगशाळेत उंच स्टूल आहेत, उद्यापासून बसून शिकवणार आहे. तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

फिजिओताई, एक शंका. मिरजेत एका फिजिओथेरपी केंद्रात डायनामोमीटर आहे, पण दुसरं वाचन महिन्याने कराडला तुमच्याकडे येऊन घेतलं तर चालेल का? दोन उपकरणांच्या शून्य-त्रुटीत फरक असणारच.

फिजिओ_कराड

७२ वरून १०९ म्हणजे ३७ चा फरक. ती वही तशीच्या तशी डॉक्टरांना दाखवा, चाचणी सकाळी पुन्हा होईल. तोवर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे त्यांनाच विचारा, बीपी आणि किडनी बघून ते ठरवतील, मनाने वाढवू नका.

दोन ठिकाणी करू नका, दोन्ही वाचनं मिरजेलाच घ्या. उपकरण तेच, हँडलची खाच तीच (बहुतेकांना दुसरी बसते, वहीत लिहून ठेवा), खुर्चीत बसून, कोपर अंगालगत काटकोनात, मनगट सरळ, हात उजवाच. दिवसाची वेळ तीच ठेवा आणि आदल्या दोन दिवसांत काय काम झालं ते वाचनाशेजारी लिहा. पहिलं वाचन शनिवारी घ्या, आणि तिथल्या फिजिओला ६० मिनिटांनी दुसरी फेरी आहे हे आधीच सांगा, नाहीतर ते एकदाच आवळायला लावून घरी पाठवतील.